अर्थिंगला गेलेला सूर

रॉबिनवेल
१९ जून

प्रिय लोपेतीदादा,

धाकट्या केलेपीचा मान लववून नमस्कार. लावीनिया आत्याला सांग, तुझा भाचा जिवंत आहे, रविवारी चर्च चुकवत नाही आणि बाटलीला शिवत नाही. यातलं पहिलं तरी नक्की खरं आहे.

फोन केला असता, पण तुमच्या घरचा फोन म्हणजे गावचा चौक. आत्या स्पीकर लावते, शेजारपाजारचे कोपरं टेकून बसतात, मी इकडून "बरा आहे" म्हटलं की मागून कोणीतरी म्हणतं, "आवाजावरून वाटत नाही बाई." म्हणून पत्र. अक्षर लावून घे. शाळेत मास्तर म्हणायचे, केलेपीने खेकडा शाईत बुडवून कागदावर सोडलाय. पुढे खेकड्याने शाळा सोडली, मास्तर सुटले.

इकडे छाटणी चालू आहे. द्राक्षाच्या वेली उघड्यावाघड्या, तारांना बांधलेल्या, जिकडे बघावं तिकडे ओळीच ओळी. सकाळी तारेवर दव गोठतं, हातमोजे भिजतात आणि बोटं दुसऱ्या कोणाची उसनी आणल्यासारखी होतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती परत आपली होतात, तोवर हात पुन्हा कात्रीला लागतो. होपोआते शेजारच्या ओळीत असतो आणि दिवसभर गातो. मुकादम ओरडला की म्हणतो, "साहेब, मी गातो तेव्हाच कात्री चालते, दोन्हीची तार एकच आहे." मुकादमाला ते पटलंय. हंगाम संपवून तो पुढच्या आठवड्यात घरी निघतोय, त्याच्याबरोबरच हे पत्र आणि गिटार देतोय.

हो, तुझी गिटार पोचली. 'तुझी' लिहिताना पेन जरा अडलं, ते थंडीने शाई घट्ट झाली म्हणून. दुसरं काही मनात आणू नकोस.

पेटीत तुझी चिठ्ठी होती. टोनचं बटण खरखरतं, नीट कर. स्तोत्राच्या शेवटच्या कडव्याला सूर अजून मऊ पडला पाहिजे. गावच्या नव्या हॉलच्या उद्घाटनाआधी पाठव. एवढंच. 'कसा आहेस' लिहायला कागद पुरला नसेल.

उद्घाटनाला मेलबर्नचे आपले पाद्री येणार आहेत, त्यांच्या चर्चच्या बँडला गिटारवाला हवाय, आवडेल त्याला कागदपत्रांसकट नेणार, राहायला घर देणार, हे मला आईकडून कळलं. आई म्हणाली, "आपल्या लोपेतीचं झाल्यातच जमा आहे, नुसतं ऐकायचं बाकी." मला आनंद झाला. फार झाला. ते चर्च मी ईस्टरला बघून आलोय. मोठं आहे. खुर्च्या मऊ आहेत. मी पण तिथे दोन गाणी वाजवली. असो.

पेटी उघडली तेव्हा होपोआते खाटेवर बसून डब्यातलं खारं मांस बोटाने खात होता. म्हणाला, "अरे, ही तर तू पहिल्या हंगामात घेतलेली."

"हो."

"मग ठेवून घे की. आलीय आपल्या पायाने."

"लोपेतीकडे असते ती आता. आतेभाऊ."

"हां," तो म्हणाला आणि डब्यात पुन्हा बोट घातलं. "मग गेली."

बघ, किती साधं आहे. त्याला पुढे काही विचारावंसंही वाटलं नाही.

तुला आठवत असेल का, मला माहीत नाही. तुझ्या बाजूने ती गोष्ट फारच छोटी होती. मी ही गिटार घेऊन टोंगाला, आपल्या वावाऊ बेटावर उतरलो, त्यानंतरचा रविवार. चर्चमधून येऊन मी चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली मानाची चटईसुद्धा सोडली नव्हती. तू ओसरीवर बसलास, ती मांडीवर घेतलीस, एक सूर छेडलास आणि म्हणालास, "बरी आहे रे." झालं. आई आत यामचे कंद सोलत होती, तिथूनच म्हणाली, "पेटी पण दे त्याला केलेपी, उन्हातून तशीच नेणार का तो?" मी पेटी दिली. दोन्ही हातांनी. हसून. बापाच्या बहिणीचा मुलगा मागत नसतो, आवडलं ते उचलतो. मागतात ते परके. आणि देणाऱ्याने तोंड वाकडं केलं तर आत्याला वाईट वाटतं, आत्याला वाईट वाटलं की भावाच्या घरात पाळणा हलत नाही. हे सगळं आपण दोघं एकाच चटईवर बसून शिकलो. तू वरच्या टोकाला, मी खालच्या.

बाबा तेव्हा कोपऱ्यात बसले होते. तू गेल्यावर म्हणाले, "वाजवतो छान तो." तेही खरंच होतं.

बरं, आता कामाचं.

इथे डॅरल म्हणून एक आहे, ट्रॅक्टरांच्या वायरिंगचं काम करतो. त्याच्याकडून मी तारांना डाग द्यायला, म्हणजे सोल्डर करायला शिकलो. पावसात छाटणी बंद असते तेव्हा त्याच्या शेडमध्ये बसतो. तुझी गिटार तिथेच उघडली. तू तिला कधी उघडून पाहिलं नसशील, पाहुणा काही स्वयंपाकघरात जात नाही, म्हणून सांगतो आत काय असतं.

टोनच्या बटणाखाली एक गोल डबी. डबीला लटकलेला चिंचोक्याएवढा, चिंचोक्याच्याच रंगाचा एक कंडेन्सर. त्याची एक तंगडी डबीला, दुसरी अर्थिंगला. अर्थिंग म्हणजे समुद्र समज. तिथे गेलेला सूर परत येत नाही. आता तू बटण खाली आणतोस तेव्हा काय होतं? सुराला समुद्राकडे वाट उघडते. पण वाटेवर हा कंडेन्सर जाळ्यासारखा बसलेला असतो. बारीक, काटेरी आवाज त्याच्या भोकांतून निसटून समुद्रात जातात. जाड, गोड तेवढे अडतात आणि अँपमधून बाहेर येतात. म्हणून शेवटच्या कडव्याला तू करंगळीने ते बटण शून्यावर नेतोस तेव्हा पाण्यात डोकं बुडवून ऐकलेल्या चर्चच्या घंटेसारखी गिटार वाजते, आणि बायकांच्या हातातले पंखे थांबतात. सगळ्या बेटावर ती करंगळी प्रसिद्ध आहे. लोकांना वाटतं, जादू करंगळीत आहे. जादू चिंचोक्यात आहे.

तू म्हणालास अजून मऊ. म्हणून मी जाळंच काढलं. त्याच्या जागी सरळ तार टाकली, डबीपासून अर्थिंगपर्यंत, मध्ये काही नाही. जाळं नसलं की काय होतं ते कोळ्याच्या पोराला सांगायला नको. आता इतकं मऊ पडेल की तू स्वतः चकित होशील.

खरखर गेली. डबी साफ केली, एक सुटा डाग होता तो परत दिला. बटण दहावर असेल तोवर तुला काहीच फरक कळणार नाही. एक पथ्य मात्र पाळ. डाग नवा आहे, मुरावा लागतो. उद्घाटनापर्यंत बटण दहावरून हलवू नकोस. त्या संध्याकाळी, त्याच स्तोत्राला, शेवटच्या कडव्याला, पाद्री समोर बसलेले असताना, एकदाच. ते तुझ्याकडे बघत असतील. सगळे बघत असतील.

पेटी बंद करताना आतल्या मखमलीला धुराचा वास आला. म्हटलं, बाबांच्या मयताच्या जेवणाच्या भट्टीचा असेल. मग म्हटलं, कसा असेल? गिटार तर पुढे होती, तुझ्या मांडीवर, बाबांच्या उशाशी. भट्टी मागे होती आणि भट्टीपाशी मी. सुतकाची फाटकी चटई गळ्यापर्यंत गुंडाळून जाळावर सळईची डुकरं फिरवत होतो, कारण बापाच्या मयतात पोराची जागा तीच. आत्याने सकाळीच माझे केस कापले होते, रीतीप्रमाणे, जरा वेडेवाकडेच. बाबांना शेवटचं वाजवून दाखवायला मी ते एक स्तोत्र बसवलं होतं. ते तू वाजवलंस, माझ्या गिटारवर. मागून ऐकू येत होतं. शेवटच्या कडव्याला तू बटण खाली नेलंस आणि भट्टीवर माझ्या शेजारी उभे असलेले सगळे म्हणाले, "आहाहा."

माझ्या केसांत राख गेली होती, म्हणून डोळे चुरचुरत होते.

तर असं. गिटार जपून ने, पेटीचं एक कुलूप सैल आहे. आत्याला नमस्कार. माझ्या आईला तू भेटतोसच, तिला वरच्या फळीवरून याम काढून देत जा, तिचा हात पोचत नाही.

तुझ्या यशाची वाट बघणारा,
तुझ्या हाताखालचा,
केलेपी


रॉबिनवेल
२९ जुलै

लोपेतीदादा,

मागच्या पत्रातला नमस्कार अजून चालतो, नवीन करत नाही.

काल तुझा फोन आला तेव्हा मी नुसता "हो दादा, हो दादा" म्हणत राहिलो. त्या प्रत्येक 'हो'च्या खाली जे होतं ते आज लिहितोय. बाहेर पाऊस आहे, छाटणी बंद. डॅरलच्या शेडमध्ये बसलोय, इस्त्री तापत ठेवल्यासारखी डागाची सळई तापत ठेवलीय. तिचं पुढे सांगतो.

आधी उद्घाटनाचं. तुला माहीत नसेल की मी तिथे होतो. होपोआतेला मी बजावून ठेवलं होतं, शेवटच्या स्तोत्राला फोन लाव आणि हात वर करून धर. तुमच्याकडे दिवे लागले होते, आमच्याकडे दुपार सरत होती. मी ओळीच्या टोकाला वेलीला पाठ लावून उभा राहिलो, फोन कानाला, कात्री बंद करून. मुकादमाला सांगितलं, घरी मोठा कार्यक्रम आहे. तो म्हणाला, "कोणाचं लग्न?" मी म्हटलं, "मयत."

होपोआते एका हाताने बरगडी खात होता, तेही ऐकू येत होतं.

तू छान वाजवलंस. ते मी कोणालाही सांगेन. मग शेवटचं कडवं आलं. मला तुझी करंगळी दिसत होती, इथे, वेलींमध्ये. सूर बारीक व्हायला लागला. आणखी बारीक. मऊ नाही, बारीक. मग विझला.

काहीच नाही.

काय सांगू तुला, काय वाटलं ते. आयुष्यात पहिल्यांदा मला पोट भरल्यासारखं वाटलं. कोणीतरी खोकलं. एक पोर काहीतरी बोललं, त्याच्या आईने त्याला गप्प केलं. मी वाट बघत होतो हसण्याची. आपल्या गावाला हसायला किती वेळ लागतो? पाद्र्याची टोपी उडाली तरी हसतात. हसा, मी म्हणत होतो, मोठ्याने म्हणत होतो, हसा रे, हसा त्याला. मुकादमाने तिकडून वळून बघितलं.

आणि एक आवाज आला. खालच्या पट्टीतला, जरासा बसका, अर्धी मात्रा मागे. तो आवाज मी पोटात असल्यापासून ऐकलाय. आई.

ती एकटीच एक ओळ गायली. मग बायकांनी उचललं, मग मागून पुरुषांनी खर्ज लावला, आणि मग हॉलच उचलला गेला. होपोआते फोन धरलाय हे विसरून तोंडात बरगडी असताना गायला लागला. माझ्या कानात तीनशे माणसं गात होती आणि त्यांच्या मधोमध तू नुसता उभा होतास, हात तारांवर ठेवून, काहीही न वाजवता. कोणी रडत होतं. पाद्रीच असावेत, रडण्यात सुद्धा प्रवचनाचा सूर होता.

मी काय विसरलो ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. आपल्याकडे वीज गेली तरी गातात. बाजापेटीवाला झोपला तरी गातात. वादळात चर्चचं छप्पर उडालं तेव्हा गातच होते. टोंगाच्या हॉलमध्ये वाद्य बंद पडलं म्हणजे शांतता होत नाही, गाणं सुरू होतं. इथे वेलींमध्ये राहून राहून मला वाटायला लागलं होतं की आवाज बंद केला की माणूस संपतो. इथे संपतो. तिथे नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो. म्हटलं असतं, दैव. पण मग तुझा फोन.

"काय केलेपी, कळलं ना? निवडलं मला."

"हो दादा."

"पाद्री म्हणतात, असं कधी ऐकलं नाही. वाद्याने मान खाली घातली आणि माणसं उभी राहिली, असं म्हणाले. परवाच्या रविवारी त्यावरच प्रवचन केलं."

"हो दादा."

"आणि मुरावं लागतं काय रे? लोणचं आहे का ते? पेटी उघडल्या उघडल्या फिरवून बघितलं मी बटण." आणि तू हसलास. "मला आधी वाटलं, पोराचं काहीतरी चुकलं. मग वाटलं, केलेपी माणसांत चुकतो, तारांत नाही चुकत. नाही ना चुकत?"

"नाही दादा."

"तेच म्हटलं मी. दोन दिवस विचार केला, याचं करायचं काय. मग मामीकडे गेलो. म्हटलं, मामी, शेवटच्या कडव्याला मी थांबेन, तुम्ही उचला. केलेपीने तिकडून सुचवलंय."

इथे माझं 'हो' बाहेर आलं नाही. तुझ्या लक्षात आलं असेल.

"मामी इतकी खूश झाली म्हणून सांगू. सगळ्यांना सांगत फिरतेय, माझ्या पोराची युक्ती. आणि ऐक, आईला मी बाकी काही बोललो नाही. तिला उगाच वाईट वाटेल. तिचं वाईट वाटणं तुला माहीतच आहे."

"हो दादा."

"बरं, होपोआते सांगत होता, तू आणखी एक घेतलीस. लाल. तिलाही अगदी तसंच करून ठेव. मेलबर्नला उतरलो की घेऊन जाईन. एक घरी, एक चर्चला."

मग आई फोनवर आली. म्हणाली, "बाळा, तुझे बाबा असते तर." निघताना तिने माझ्या गळ्यात घातलेली माळ जिथे टेकते तिथे मला गरम गरम लागत होतं. मी म्हटलं, "हो आई."

तर दादा, तू काय काय नेलंस त्याची मोजदाद मी करणार नाही. गिटार नेलीस, ती रीत. बाबांच्या उशाची जागा नेलीस, तीही रीत. पण माणसाचा डाव? मी तुझं तोंड काळं करायला रात्रंदिवस मनात जपलेला विखार, तो सुद्धा तू उचललास, "बरी आहे रे" म्हणालास आणि अंगावर घालून समोर उभा राहिलास. तो तुला माझ्यापेक्षा जास्त शोभला. आणि त्या डावाला माझ्या आईकडून पेटी पण घेतलीस, उन्हातून तशीच न्यायला नको म्हणून.

ईस्टरचं मी मागच्या पत्रात 'असो' म्हणून सोडलं होतं. आता सांगतो. मेलबर्नच्या त्याच पाद्र्यांसमोर मी वाजवलं होतं. जागा मागायलाच गेलो होतो. चर्चच्या गोदामातली एक जुनी गिटार दिली त्यांनी, तिच्यावर वाजवलं. बाबांसाठी बसवलेलं तेच. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "वा. अगदी त्या वावाऊच्या लोपेतीसारखं वाजवतोस. तो सध्या कुठे असतो रे?" आणि मी, देणाऱ्याने तोंड वाकडं करू नये म्हणून, तुझा पत्ता दिला. हसून.

म्हणजे तुला तिथे बोलावलं कोणी ते आता तुला कळलं. आभार मानू नकोस, तुला त्याची सवय नाही.

आता सळईचं. लाल गिटार समोर उघडी आहे. कंडेन्सर काढला, सरळ तार टाकली, डबीपासून अर्थिंगपर्यंत. डाग चकचकीत बसलाय, डॅरलने बघून अंगठा वर केला. तू सांगितलंस अगदी तसंच. तू ये, मी बसथांब्यावर उभा असेन, पेटीसकट, दोन्ही हातांनी देईन. हसून. त्यात कमी पडणार नाही.

फक्त एक गोष्ट, तुझ्या कानावर घालतो. मागच्या वेळी मी खोटं सांगितलं होतं आणि तू ते ओळखलंस. या वेळी खरं सांगतो, ते ओळखून बघ.

त्या ईस्टरला माझं वाजवून झाल्यावर मी मागे बसून प्रार्थनेला थांबलो होतो. हॉल भरलेला होता. पुढे चार म्हाताऱ्या, बाकी सगळी तिथेच जन्मलेली पोरं. स्तोत्राचे शब्द भिंतीवरच्या पडद्यावर येतात, पोरं ते वाचतात, ओठ हलवतात. आपली भाषा त्यांना शब्दांपुरती येते, चार आवाजांत मिळून गाणं येत नाही. मध्येच पियानोवाल्या बाईचं पान उडालं. ती खाली वाकून शोधायला लागली. मी वाट बघत होतो, आता उचलतील. कोणी नाही उचललं. म्हाताऱ्या पोरांकडे बघत होत्या, पोरं पडद्याकडे. एकाने खिशातून फोन काढला. बाईंना पान सापडेपर्यंत त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता, दादा. नुसता पंख्याचा.

तिथे शांतता आहे. खरी. आणि तिथे मामी नाही.

तुला वाटेल, मग मी तिथे बटण फिरवणारच नाही. पण पाद्र्यांनी तुला त्याच्यासाठीच निवडलंय. प्रवचन झालंय त्यावर. पहिल्याच रविवारी सगळे तुझ्या करंगळीकडे बघत असतील. फिरवलंस तर पंखा. नाही फिरवलंस तर ते एकमेकांना विचारतील, हाच का तो? आणि तू शेवटच्या कडव्याला पोचेपर्यंत प्रत्येक कडव्यात माझं हे पत्र वाजत असेल. तेवढं काम या खेकड्याने केलं.

दोन्ही कंडेन्सर माझ्याकडे आहेत. तुझ्या गिटारमधला आणि लालमधला. दोन चिंचोके, सदऱ्याच्या खिशात असतात, छाटणी करताना वाजतात. परत बसवायला मला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागणार नाही. मेलबर्नच्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याला ते जमणार नाही असं नाही, पण तू कोणाला सांगणार की तुझी जादू म्हणजे आत काहीतरी कमी आहे?

तेव्हा ये. गिटार घे, ती तुझी. लाल पण घे. माझ्या खाटेवरची गोधडी आवडली तर तीही घे. चिंचोके मात्र तुला दिसणार नाहीत, आणि जे दिसत नाही ते उचलता येत नाही. ते हवे असतील तर तोंड उघडून म्हणावं लागेल, केलेपी, दे.

दिले तर दिले, नाही तर नाही, ते तेव्हाचं तेव्हा.

मागतात ते परके. ये, बघू या आपण एकमेकांचे कोण लागतो.

दोन्ही हात पुढे करून, एक मूठ मिटलेली ठेवून,
केलेपी